थ्री क्रीक्सचा मका

१९८४ च्या फेब्रुवारीत बेलापूरच्या एका शाळेत अमेरिकेहून पत्र आलं. पाकिटावर टाइप केलेला पत्ता असा होता: मुख्याध्यापक, कोणतीही शाळा, बेलापूर, खाडीकाठचं, मुंबईजवळ. पोस्टमननं ते दोन दिवस पिशवीत फिरवलं आणि शेवटी ज्या शाळेत इंग्रजी शिकवणाऱ्या पदवीधर बाई आहेत, तिथं आणून दिलं.

मुख्याध्यापक नंदकुमार गुप्ते यांनी चष्मा वर करून पहिलं पान वाचलं, उरलेली पानं मोजली आणि सुनीती वर्तक यांना बोलावून घेतलं.

"वर्तकबाई, तुमचं खातं. कुणी म्हातारी दिसतेय. ऐंशी-पंच्याऐंशी वर्षांपूर्वीचं काहीतरी विचारतेय. पाच ओळींचं नम्र उत्तर लिहा, की माहिती उपलब्ध नाही. सही मी करतो."

सुनीतीबाई वाशीला सेक्टरमधल्या नव्या वसाहतीत राहत होत्या. वय अडतीस. चार वर्षांपूर्वी गिरगावातली खोली सोडून त्या आणि त्यांचे यजमान इकडे आले, तेव्हापासून त्या या शाळेत होत्या. संध्याकाळी बसमध्ये खिडकीजवळ जागा मिळाली तेव्हा त्यांनी पत्र उघडलं आणि आपला स्टॉप मागे गेला तरी त्यांना कळलं नाही.

पत्र एडना लार्सन नावाच्या एकोणऐंशी वर्षांच्या बाईंचं होतं. नेब्रास्का राज्यातल्या थ्री क्रीक्स नावाच्या छोट्या गावात त्यांनी एक्केचाळीस वर्षं शाळेत शिकवलं होतं. येत्या ऑगस्टमध्ये गावाला शंभर वर्षं होत होती आणि गावाचा इतिहास लिहिण्याचं काम त्यांच्याकडे आलं होतं. ‘क्रीक’ म्हटल्यावर सुनीतीबाईंच्या डोळ्यांसमोर आधी खाडी आली, चिखल आला, होड्या आल्या. पुढे वाचल्यावर कळलं की तिकडे क्रीक म्हणजे साधा ओढा. तीन ओढे जिथं एकत्र येतात तिथं ते गाव वसलं होतं, आणि समुद्र तिथून हजार मैलांवर होता.

एडनाबाईंनी गावाची हकिगत थोडक्यात लिहिली होती. १८८४ साली चौतीस कुटुंबं तिथं उतरली. बहुतेक स्वीडनची, थोडी जर्मन. माळावर झाड म्हणून नव्हतं, तेव्हा घराला लाकूड कुठून आणणार? त्यांनी गवतासकट जमिनीची ढेकळं विटांसारखी कापली आणि त्यांच्या भिंती रचल्या. छपरातून साप खाली पडायचे. चौथ्या हिवाळ्यात असं हिमवादळ आलं की शाळेच्या मास्तरणीनं अकरा पोरांना दोन दिवस वर्गात कोंडून ठेवलं आणि बाकं एकेक करून शेगडीत घातली. अकराच्या अकरा पोरं वाचली. मग १८९४ चा दुष्काळ. तीन दिवस गरम वारा सुटला आणि उभा मका करपून गेला. त्या वर्षी पूर्वेकडच्या शहरांतल्या अनोळखी लोकांनी आगगाडीनं पीठ आणि कोळसा पाठवला, त्यावर गाव जगलं.

‘म्हणून १९०० च्या वसंतात,’ एडनाबाईंनी लिहिलं होतं, ‘हिंदुस्थानातल्या दुष्काळाची बातमी वर्तमानपत्रात आली, तेव्हा माझे आजोबा अँडर्स लार्सन रविवारी चर्चमध्ये उठून उभे राहिले. ते एरवी बोलत नसत. ते म्हणाले, सहा वर्षांपूर्वी आपण ज्यांचं पीठ खाल्लं त्यांची नावं आपल्याला अजून माहीत नाहीत. आता आपली पाळी.’

साठ पोती मका जमला. आजोबांनी तो गाड्यांवर घालून अठरा मैलांवरच्या स्टेशनात पोचवला. तिथून तो बंदरावर, बंदरातून जहाजानं मुंबईला. अहमदनगर जिल्ह्यातल्या बेलापूरला आजोबांच्या ओळखीचे एक पाद्री दुष्काळग्रस्तांसाठी काम करत होते, त्यांच्या नावे तो पाठवला होता. वर्षभरानं पाद्रीसाहेबांचं पत्र आलं: तुमच्या मक्याचं एकही पोतं इथं पोचलं नाही.

गाव छोटं होतं. कुणी तोंडावर काही म्हणालं नाही, पण कुजबुज सुरू झाली, की अँडर्सनं पोती स्टेशनात नेलीच नाहीत. त्या वर्षापासून आजोबा चर्चमध्ये सगळ्यात मागच्या बाकावर बसू लागले. गावच्या बैठकीत पुन्हा कधी बोलले नाहीत. दर वसंतात ते स्टेशनात जाऊन विचारत, परदेशातून काही कागद आलाय का? १९१९ मध्ये वारले तेव्हा त्यांच्या मातीला नऊ माणसं होती.

‘गेल्या महिन्यात मी मोठा नकाशा आणि भिंग घेऊन बसले होते. तेव्हा मला दिसलं की बेलापूर दोन आहेत. एक नगरचं आणि एक मुंबईसमोर, खाडीवर. मला हे आयुष्यात इतक्या उशिरा दिसावं याची लाज वाटते. तुमच्याकडे कुणाला काही आठवतंय का? माझ्या आजोबांकडूनच चूक झाली होती असं निघालं, तर तेही मला लिहा. इतिहासात मी तेच लिहीन.’

सुनीतीबाईंनी घरी पोचून पाच ओळींचं उत्तर लिहिलं. ते चांगलं नम्र होतं. सकाळी त्यांनी ते पर्समध्ये घातलं, शाळेत गेल्या आणि गुप्ते सरांना म्हणाल्या, "सर, मला थोडे दिवस द्या."

"कशाला?"

"या बाईनं शेवटचं वाक्य लिहिलं नसतं ना, तर मी पाठवून दिलं असतं."

सरांनी ते वाक्य पुन्हा वाचलं. "बघा," म्हणाले. "पण एवढ्या वर्षांनी कोण असणार?"

बेलापूरच्या खाडीवर दिवाळे नावाचं कोळ्यांचं गाव आहे. होड्या लागतात तो किनारा तिथलाच. रविवारी सुनीतीबाई तिथं गेल्या. बांबूच्या वलांड्यांवर बोंबील वाळत होते आणि बायका टोपल्या घेऊन निघायच्या घाईत होत्या. हातातली वही उघडून बाईंनी दोघी-तिघींना विचारलं. कुणी धड उत्तर दिलं नाही. एक जण जाळं दुरुस्त करता करता उठून आला. शिवा त्याचं नाव, पस्तिशीचा असेल.

"काय पायजे बाई?"

बाईंनी सांगितलं.

"वही आत ठेवा आधी," शिवा म्हणाला. आवाज चढलेला नव्हता. "राग नका मानू. आमच्याकडं वही घेऊन येतो त्यो मोजनी करूनच जातो. जमिनी गेल्या, मिठागरं गेली. गेल्याच म्हयन्यात उरनकडं जमिनीपायी गोळीबार झाला, तुमी पेपरात वाचलं असंल. आता तुमी जुनं इच्यारता. कशावरून त्याचा कागद होनार नाय?"

सुनीतीबाईंना राग आला नाही. त्या ज्या इमारतीत राहत होत्या ती कुणाच्या तरी भातशेतीवर उभी होती, हे त्यांना माहीत होतं. त्यांनी वही ठेवली, नमस्कार केला आणि परत गेल्या.

पुढच्या रविवारी त्या नुसत्याच आल्या. त्याच्या पुढच्या रविवारीही. तिसऱ्या खेपेला शिवाच्या ओटीवर एक म्हातारी करंदी, म्हणजे बारीक कोळंबी, सोलत बसली होती. अंगानं काटकुळी, कानात जड सोन्याच्या बुगड्या, नऊवारी गुडघ्यापर्यंत घट्ट कसलेली. ती शिवाची आजी, गोजरा. गाव तिला नव्वदीची म्हणत होतं.

"दर आयतवारी येतं आन उभं ऱ्हातं ते तूच काय गो?" तिनं विचारलं. "बस. हात रिकामा नको ठेवू." आणि करंदीचा वाटा बाईंच्या पुढे सरकवला.

सुनीतीबाईंना ते काम येत नव्हतं. पाच-सहा करंद्या होईतो बोटाला काटा लागला. गोजराआजींनी बघितलं, पण हसल्या नाहीत. डोकं कसं मुरगळायचं आणि साल कुठून ओढायची ते एकदा दाखवलं. मग बऱ्याच वेळानं म्हणाल्या, "शिवा सांगत होता. ती लांबची बाय हाय, तिचा आजा चोर ठरला, खरं काय?"

"तसं कुणी म्हणालं नाही आजी. पण गावाच्या मनात होतं."

"आन काय पाठवलं होतं त्यानं?"

"मका."

गोजराआजींचे हात थांबले. "पिवला? घोड्याच्या दातासारका मोटा दाना?"

"ते मला माहीत नाही. त्यांनी फक्त मका म्हणून लिहिलंय."

"मी सात वरसांची होते," आजी म्हणाल्या. त्यांनी करंदीचं ताट बाजूला केलं, हात धुतले आणि भिंतीला टेकून बसल्या. शिवाही जाळं सोडून पायरीवर येऊन बसला.

गोजराआजींचे वडील सिताराम यांचा मचवा, शिडाची मोठी होडी, होता. माशांखेरीज ते मुंबईच्या धक्क्यावरून खाडीकाठच्या गावांना मालही पोचवत. त्या वर्षी वैशाखात धक्क्यावरच्या एका कारकुनानं बेलापूरचा मचवा कोण, म्हणून हाक मारली आणि साठ पोती त्यांच्यात आणि आणखी दोन मचव्यांत भरून दिली. चिठ्ठी इंग्रजीत होती. सिताराम पोती घेऊन आले. घ्यायला कुणीच आलं नाही. देवळाशेजारच्या खोपटात पोती रचून ठेवली. तीन दिवस वाट बघितली. सिताराम पुन्हा मुंबईला जाऊन आले. कारकून म्हणाला, चिठ्ठीवर बेलापूर आहे, तू बेलापूरचा आहेस, मला आणखी काय विचारतोस?

"मग गाव जमलं," आजी म्हणाल्या. "गोटीराम म्हनून वडील मानूस होता आमच्यात. त्यानं एक पोतं उसवलं. त्यो म्हनला, बेलापूरच्या नावानं आलंय, म्हंजे आपलं हाय. सरकारनं दिलं असंल. घरटी वाटून घ्या. लोकांना पटलं पन. त्या वरसाला भात बी कमीच होता. मंग माजी आय उटली. काशी तिचं नाव. बाया तवा गावाच्या बैठकीत बोलत नव्हत्या. ती उटली आन म्हनली, नाव आपलं हाय, पन भूक आपली नाय. आपल्याला मासली हाय, पेज हाय. हे ज्याच्यासाठी आलंय त्यो पनवेलला झाडाखाली मरतोय."

त्या उन्हाळ्यात घाटावरची माणसं दुष्काळानं खाली उतरली होती. पायी घाट उतरून पनवेलपर्यंत यायची आणि तिथं अंगात त्राण उरायचं नाही. काशी मासळी विकायला पनवेलला जायची, तिनं ती डोळ्यांनी बघितली होती.

"मोटीच भांडनं झाली. गोटीराम म्हनला, तुला कसं ठावं त्यांच्यासाठीच हाय? आय म्हनली, मला ठावं नाय. पन पोट भरलेल्या मानसाला कोन लांबून दाना पाठवंल? गोटीराम गप झाला. आन ऐक, सगल्यात पयला मचवा त्यानंच काढला. मानूस वाईट नव्हता."

भरती बघून पाच मचवे पनवेलच्या बंदराला गेले. पोती उतरली. पण तिथं दुसरीच अडचण उभी राहिली. दाणा दगडासारखा कडक. दळायला जातं नाही, आणि जातं असतं तरी ओढायला कुणाच्या मनगटात जोर नव्हता. कच्चा मका चावून दोन पोरांची पोटं फुगली. काशी त्याच ओहोटीला परत आली आणि घरोघर फिरली.

"दुसऱ्या दिशी मचव्यात जाती घातली," गोजराआजी म्हणाल्या. "अकरा जाती. अकरा बाया. माज्या बापसाला भ्याव वाटलं, मचवा बुडंल म्हनून. दगडंच ती. मी रडले म्हनून मला पन नेलं."

शिवा पायरीवरून म्हणाला, "आजी, हे तू मला कदी सांगितलं नाय."

"तू कदी इच्यारलं?"

झाडांच्या सावलीत अकरा कोळणी जाती मांडून बसल्या. मका आदल्या दिवशी भिजत घालायच्या, वाळवायच्या, भरड काढायच्या आणि तिची पातळ पेज करायच्या, कारण उपाशी पोटाला जड सोसत नाही हे त्यांना ठाऊक होतं. घाटावरच्या लोकांची बोली त्यांना नीट कळत नव्हती, यांची त्यांना कळत नव्हती. वाडगं पुढं आलं की पेज वाढायची, एवढंच. सात-आठ दिवसांनी बाया आळीपाळीनं घरी येऊ लागल्या. त्यांच्या जागी दुसऱ्या गेल्या नाहीत असं कधी झालं नाही, जाती मात्र तिथंच राहिली. ज्येष्ठ लागला, पोती संपत आली, घाटावर पाऊस झाल्याची बातमी आली आणि माणसं उठून परत चालू लागली.

"किती माणसं होती, आजी?"

"मला मोजता कुटं येत होतं? झाडं भरली होती, एवडं ठावं."

"आणि तुमची आई?"

गोजराआजींनी कानातली बुगडी चाचपली.

"पटकीची साथ आली तितं. शेवटी शेवटी. आयनं मला बापसाबरोबर घरी धाडलं आन सोता थांबली. एका घाटावरच्या बाईला पेज पाजत होती, ती सोडवंना. मग तिलाच लागली. मचव्यातनं आनली. दोन दिवस होती. मला जवल येऊ दिलं नाय, लांबनं बघितलं." मग त्या म्हणाल्या, "गावात कोन काय बोललं नाय. मका आनला म्हनून मेली, असं पन नाय, चांगलं केलं असं पन नाय. पावसाला लागला, लोकं कामाला लागली."

सुनीतीबाईंना आठवलं की त्या एका प्रश्नासाठी आल्या आहेत आणि त्याचं उत्तर अजून अर्धंच आहे. दुष्काळात मका काही एकाच गावाहून आला नसणार.

"आजी, पोत्यांवर काही लिहिलेलं होतं?"

"अक्सरं होती. वाचनार कोन?" आजींनी ओल्या बोटानं ओटीच्या शेणानं सारवलेल्या जमिनीवर एक रेघ ओढली, आणि तिच्या टोकापासून पंख्यासारख्या तीन रेघा. "आन अशी खून होती. पर्तेक पोत्यावर, काल्या रंगात. आमी पोरं तिला बगल्याचा पाय म्हनायचो. चिखलात बगला चालून गेला की असाच उमटतो."

सुनीतीबाई त्या रेघांकडे बघत राहिल्या. तीन रेघा येऊन एकीला मिळत होत्या. तीन ओढे. त्यांनी तोंडातून शब्द काढला नाही. आजींना आपण काही सुचवलं असं व्हायला नको होतं.

त्या आठवड्यात त्यांनी अकरा पानांचं पत्र लिहिलं. गुप्ते सरांनी ते सगळं वाचलं आणि म्हणाले, "बाई, मन भरून आलं. पण हे एका नव्वदीच्या बाईंचं सातव्या वर्षीचं स्मरण आहे. पुरावा नव्हे. तसं स्पष्ट लिहा."

"लिहिलंय सर. सातव्या पानावर."

खुणेचं चित्र त्यांनी वेगळ्या कागदावर काढलं, आजींनी ओढलं होतं तसंच. त्याखाली स्वतःचा अंदाज लिहिला नाही. तो तिकडच्यांनीच करावा.

उत्तर आलं तेव्हा उन्हाळ्याची सुट्टी होती. जूनमध्ये शाळा उघडली आणि शिपायानं जाड पाकीट बाईंच्या हातात ठेवलं. आत एक फोटोकॉपी होती. १९०० सालच्या चर्चच्या नोंदवहीचं पान: गावाच्या मक्याच्या पोत्यांवर रंगाचा ठसा मारायचा, असा ठराव, आणि शेजारी शाईनं काढलेला ठशाचा नमुना. तीन ओढे एका प्रवाहाला मिळतात. बगळ्याचा पाय.

‘तुमचं पत्र मी स्वयंपाकघरात उभ्यानं वाचायला घेतलं,’ एडनाबाईंनी लिहिलं होतं. ‘चित्राचा कागद उलगडला आणि पत्र तसंच ठेवून मी नोंदवही काढायला गेले. ही खूण त्या एकाच वर्षी वापरली होती. माझ्या आजोबांनीच लाकडात कोरलेली. ती मी आजवर कुणाला दाखवली नव्हती आणि तुम्हाला लिहिलीही नव्हती. आजोबांनी पोती पोचवली होती. चूक झाली ती वाटेत, एका नावामुळे. आणि त्या चुकीतून पोती ज्यांच्या हाती पडली, ती माणसं माझ्या आजोबांपेक्षा मोठी निघाली. आमच्या गावानं साठ पोती दिली. तुमच्या गावानं एक आई दिली. माझ्याकडे यासाठी शब्द नाहीत आणि मी एक्केचाळीस वर्षं भाषा शिकवली आहे.’

सुनीतीबाईंनी ते स्टाफरूममध्ये वाचून दाखवलं. गुप्ते सरांनी फोटोकॉपी हातात घेतली आणि म्हणाले, "आता पुरावा झाला."

सप्टेंबरात दुसरं पत्र आलं. ऑगस्टच्या समारंभात थ्री क्रीक्सचे चारशे लोक जमले होते. एडनाबाईंनी इतिहासाचं शेवटचं प्रकरण वाचलं. ते वाचायला त्या चर्चमध्ये जिथं आजोबा १९०० साली उभे राहिले होते त्याच जागी उभ्या राहिल्या. वाचून झाल्यावर एक म्हातारा शेतकरी पुढे आला. कुजबुज ज्यांनी सुरू केली असं लोक म्हणत, त्यांचा तो नातू. त्यानं सगळ्यांसमोर एडनाबाईंची माफी मागितली, आपल्या आजोबांच्या वतीनं. मग सगळे उठले आणि चालत स्मशानात अँडर्स लार्सन यांच्या थडग्यापाशी गेले. ‘त्यांच्या मातीला नऊ माणसं होती. त्या दिवशी मला शेवटची रांग दिसत नव्हती. तिथं आम्ही दोन नावं मोठ्यानं घेतली. त्यांचं, आणि काशीचं.’

त्या रविवारी गोजराआजींच्या ओटीवर जागा नव्हती. शिवानं आळीत सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. टोपल्या घेऊन निघालेल्या बायका टोपल्या खाली ठेवून थांबल्या. सुनीतीबाई एकेक वाक्य इंग्रजीतून वाचत आणि मराठीत सांगत होत्या. ‘काशीचं’ म्हणाल्या तेव्हा आजींनी हात वर करून थांबवलं.

"परत सांग."

बाईंनी परत सांगितलं.

"चारशे मानसांनी?"

"चारशे."

"त्यास्नी म्हनता आलं?"

"आलं असणार आजी. सोपं नाव आहे."

गोजराआजींनी पदर तोंडाला लावला. त्यांच्या आईचं नाव कुठल्या कागदावर नव्हतं. जन्माच्या नाही, मरणाच्या नाही. चौऱ्याऐंशी वर्षांत ते नाव एवढ्या माणसांसमोर कुणी घेतलं नव्हतं. त्या रडल्या, पण थोडाच वेळ. मग डोळे पुसून म्हणाल्या, "एकटी नव्हती ना ती. अकरा जनी होत्या. बाकीच्या धा जनींचं पन लिहून धाड. नायतर त्यांस्नी वाटंल का एक काशीनंच दललं."

"कोण कोण होत्या?"

आजींनी डोळे मिटले आणि बोटं मोजली. सहा नावं सांगितली आणि अडकल्या. तेवढ्यात टोपलीवाल्यांतली एक पुढे झाली. मालतीबाई तिचं नाव, साठीची. "माजी सासू सांगायची," ती म्हणाली, "आमच्या घरचं जातं एकदा पनवेलला गेलं होतं आन त्याची खुंटी तितंच तुटली. का गेलं ते तिला पन ठावं नव्हतं. तिची आजेसासू शेवंताबाई. लिवा बाई, शेवंताबाई."

मग एकेकीला काही ना काही आठवू लागलं. कुणाकडे नुसतं नाव होतं, कुणाकडे नावाशिवाय गोष्ट. शिवा दोन दिवस घरोघर फिरला. म्हाताऱ्यांना उठवून बसवलं, नाती जुळवली, एकाच नावाच्या दोघींचा घोळ सोडवला. ज्या गोटीरामांनी आधी मका वाटून घ्या म्हटलं होतं, त्यांची सून त्या अकरांत होती, हे त्याला त्यांच्याच पणतवंडांकडून कळलं. ते घर त्या दिवशी फार खुश झालं.

शुक्रवारी शिवा शाळेत आला. पहिल्यांदाच. स्टाफरूमच्या दारात चपला काढल्या. गुप्ते सरांनी त्याला खुर्ची दिली आणि स्वतः उभे राहिले.

"नऊ भेटल्या बाई," शिवा म्हणाला. "दोन नाय भेटत. लई इच्यारलं. एक घर मुंबईला गेलं, एकाचं कोनच उरलं नाय."

सुनीतीबाईंनी नऊ नावं सुवाच्य अक्षरात उतरवली, काशीचं नाव आजींनी सांगितलं होतं तसं मधे, इतरांच्या रांगेत. मग थांबून त्यांनी शिवाकडे बघितलं. "उरलेल्या दोघींचं काय लिहू?"

"होत्या, असं लिवा," तो म्हणाला. "नाव म्हायती नाय, पन होत्या."